स्पेलचेकमध्ये साठवलेल्या आपल्या शब्दयादीचा बॅकअप कसा घ्यावा?

मुद्रितशोधिका

नमस्कार. मी मराठी पुस्तकांचे मुद्रितशोधन करते, अधूनमधून अनुवादही करते. प्रकाशकांकडून येणाऱ्या फाइली बहुधा वर्डच्या असतात आणि माझे स्वतःचे लेखन लिबरऑफिसमध्ये चालते. त्यामुळे लाल रेघ उमटलेला, पण बरोबर असलेला शब्द ‘ॲड टू डिक्शनरी’ म्हणून यादीत घालण्याची सवय मला दोन्हीकडे लागली आहे. मराठीत ही यादी फार वेगाने वाढते, कारण एकदा ‘आटपाडी’ घातले म्हणजे काम संपत नाही. ‘आटपाडीला’, ‘आटपाडीत’, ‘आटपाडीहून’, ‘आटपाडीच्या’ ही रूपेही ज्याची त्याची वेगळी घालावी लागतात. आडनावे, गावे, शेतीची अवजारे, जुनी वजनेमापे, दागिन्यांची नावे असे सगळे त्यात वर्षानुवर्षे साचत गेले आहे.

आता नवा लॅपटॉप येणार आहे. माझे लेखन क्लाउडवर आहे, त्यामुळे त्याची काळजी नाही. ही यादी मात्र तिथे कुठेच दिसत नाही. ती संगणकात नेमकी कुठे असते, नव्या संगणकावर कशी न्यावी आणि वर्ड व लिबरऑफिस या दोघांसाठी एकच यादी ठेवता येईल का, हे जाणकारांनी सांगावे. लिहिलेल्या मजकुराइतकीच ही यादीही आपल्या कामाची कमाई आहे आणि तिचा बॅकअप वेगळा, आठवणीने घ्यायला हवा, असे माझे मत आहे. कोणाचे वेगळे असल्यास तेही वाचायला आवडेल.

लिनक्सवेडा

आधी जागा सांगतो. विंडोजवर वर्डची यादी आपल्या नावाच्या फोल्डरातील ‘ॲपडेटा’, त्यातील ‘रोमिंग’, त्यातील ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि त्यातील ‘यूप्रूफ’ या फोल्डरात असते आणि तिथल्या फाइलीचे नाव ‘कस्टम डॉट डिक’ असे असते. ‘ॲपडेटा’ हे फोल्डर विंडोज लपवून ठेवते, म्हणून ते शोधत बसण्यापेक्षा विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबावे आणि येणाऱ्या चौकटीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘ॲपडेटा’ असे रोमन लिपीत लिहावे; थेट ‘रोमिंग’ उघडते.

लिबरऑफिसची यादी त्याच ‘रोमिंग’मध्ये ‘लिबरऑफिस’, ‘४’, ‘यूजर’, ‘वर्डबुक’ अशा वाटेने गेल्यावर सापडते. तुम्ही वेगळी यादी केली नसेल, तर शब्द ‘स्टँडर्ड डॉट डिक’मध्ये गेलेले असतात. लिनक्सवर हीच वाट आपल्या घरच्या फोल्डरातील लपलेल्या ‘कॉन्फिग’पासून सुरू होते आणि मॅकवर ‘लायब्ररी’तील ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’पासून. वाटेतला ‘४’ पाहून हे जुन्या आवृत्तीचे फोल्डर असावे असे समजू नये. लिबरऑफिसच्या ५, ६ आणि ७ या आवृत्त्या येऊन गेल्या, २०२४ पासून तर २४.२ असे सालावरून क्रमांक देणे सुरू झाले, तरी फोल्डराचे नाव ‘४’च राहिले आहे.

फाइल उचलण्यापूर्वी दोन्ही प्रोग्राम पूर्ण बंद करावेत, म्हणजे शेवटी घातलेले शब्दही फाइलीत उतरलेले असतील.

अर्धविराम

क्लाउडवर यादी का दिसत नाही, याचे कारण वरच्या उत्तरातच दडलेले आहे. वनड्राइव्हचा फोल्डर-बॅकअप डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांचा असतो. ‘ॲपडेटा’ त्यात येत नाही. आपला सगळा संगणक क्लाउडवर आहे, अशा समजात आपण राहतो आणि यादी मात्र नेमकी वगळलेल्या जागेत असते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करून वर्ड वापरणाऱ्यांना कस्टम डिक्शनरींच्या यादीत ‘रोमिंगकस्टम’ नावाची आणखी एक फाइल दिसू शकते. ती खात्याबरोबर फिरण्यासाठी आहे. त्यामुळे आपले शब्द दोहोंपैकी कोणत्या यादीत पडत आहेत, हे आधी पाहून घ्यावे. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’, ‘कस्टम डिक्शनरीज’ असे गेले की ज्या नावापुढे ‘डीफॉल्ट’ असते तीच यादी सध्या भरत असते.

टिंबटिंब

वाचनखूण साठवली आहे. आता ही वाचनखूण कोणत्या फोल्डरात साठते आणि तिचा बॅकअप कसा घ्यावा, यावर कोणीतरी दुसरा धागा काढावा.

जुनाखिळा

मुद्रितशोधिकाबाईंच्या मताशी मी सहमत नाही. जुन्या याद्या नव्या संगणकावर नेऊच नयेत, असे मी म्हणेन. घाईत, रात्री उशिरा, प्रकाशकाचा फोन वाजत असताना माणूस ‘ॲड टू डिक्शनरी’ दाबतो आणि ‘महत्व’, ‘तत्व’, ‘कोट्यावधी’, ‘आशिर्वाद’ असे शब्द कायमचे शुद्ध ठरतात. ओल्या चमच्याने बरणीतले लोणचे जसे सगळेच बिघडते, तसे या यादीचे होते; फरक एवढाच, की लोणच्याला बुरशी दिसते आणि इथे उलट लाल रेघ नाहीशी होते. नवा संगणक ही कोरी पाटी मिळण्याची संधी आहे. खऱ्या गरजेचे शब्द कामाच्या ओघात आपोआप परत जमतात.

मुद्रितशोधिका

काका, धोका तुम्ही बरोबर दाखवलात, परंतु उपाय पटला नाही. चार खंडांच्या चरित्रातील माणसांची आणि गावांची नावे मी मूळ कागदपत्रांशी ताडून यादीत घातली होती. ती पुन्हा घालायची म्हणजे पुन्हा ताडायची, आणि तिसऱ्या खंडात एक रूप व चौथ्यात दुसरे असे झाले तर दोष मुद्रितशोधकाकडेच येतो. चुका असतील तर यादी वाचून काढता येते. शब्द एका ओळीत एक असे असतात, त्यामुळे ती साध्या नोटपॅडमध्येही वाचता येते.

लिनक्सवेडा

जुनाखिळा काकांच्या आक्षेपावर प्रोग्रामातच एक उपाय आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. लिबरऑफिसमध्ये नवी डिक्शनरी करताना ती ‘एक्सेप्शन’ प्रकारची करता येते. तिच्यात घातलेला शब्द मुख्य कोशात असला तरी चुकीचाच धरला जातो, आणि त्यासोबत सुचवायचा शब्दही देता येतो. म्हणजे ‘महत्व’ घालून त्यापुढे ‘महत्त्व’ लिहून ठेवावे. वर्डमध्ये याच कामासाठी ‘यूप्रूफ’ फोल्डरातच ‘एक्सक्लूडडिक्शनरी’ या नावाने सुरू होणाऱ्या फाइली असतात. दर भाषेला वेगळी फाइल, आणि नावाच्या शेवटी त्या भाषेचा सांकेतिक क्रमांक. तिथे सुचवणीची सोय नाही, केवळ शब्द वर्ज्य करता येतो. बॅकअप घेताना पूर्ण फोल्डर उचलावे असे मी म्हणतो ते यासाठीच, कारण नुसती ‘कस्टम डॉट डिक’ घेतली तर ही वर्ज्य शब्दांची फाइल मागे राहते.

जुनाखिळा

वर्ज्य शब्दांची यादी ही कल्पना आवडली. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे चौदा आणि १९७२ सालचे चार असे लेखनाचे अठरा नियम पाठ असलेल्या माणसालाही घाईत अशा पहारेकऱ्याची गरज पडते. तरीही यादी न वाचता नेऊ नये, या मतावर मी ठाम आहे.

सातबारा

मी वकिली कार्यालयात आहे, म्हणून दोन वेगळ्या गोष्टी मांडतो.

पहिली अशी, की सगळे शब्द एकाच यादीत घालू नयेत. आमच्याकडे ‘पोटहिस्सा’, ‘खातेफोड’, ‘फेरफार’, ‘वहिवाटदार’, ‘बिनशेती’ असे महसुली शब्द एका यादीत आहेत आणि पक्षकारांची व गावांची नावे दुसऱ्या यादीत. लिबरऑफिसमध्ये एकाहून अधिक याद्या चालू असल्या की उजव्या कळीने शब्द घालताना कोणत्या यादीत घालायचा ते विचारले जाते. वर्ड विचारत नाही. तो शब्द डीफॉल्ट यादीत टाकतो, म्हणून काम बदलले की डीफॉल्ट बदलावे लागते. हे कंटाळवाणे आहे, पण त्याचा फायदा असा, की जुनाखिळा म्हणतात ती साफसफाई यादीनिहाय करता येते, आणि एखादे काम संपले की त्याची यादी बंद करून ठेवता येते.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. शब्दयादी निरुपद्रवी वाटते, परंतु तिच्यात कोणाकोणाची नावे आली आहेत, एवढ्यावरूनही कोणत्या कार्यालयात कोणाचे काम चालू आहे हे कळू शकते. ती ईमेलने मित्राला पाठवण्यापूर्वी किंवा सामायिक फोल्डरात ठेवण्यापूर्वी नावांची यादी वेगळी काढावी. डॉक्टरांनाही हेच लागू आहे.

काणकोणकर

सातबारा यांच्या पहिल्या मुद्द्याला +१. आम्हा गोव्यातल्या लोकांना तर याद्या वेगळ्या ठेवाव्याच लागतात, कारण एकाच दिवशी मराठी, कोंकणी आणि इंग्रजी असे तिन्ही मजकूर हातात येतात. पेडणे, सत्तरी, काणकोण ही नावे तिन्हींत हवीत, पण कोंकणी क्रियापदांची रूपे मराठीच्या यादीत गेली की मराठी मजकुरातली खरी चूक झाकली जाते.

यावरून एक अडचण सांगतो, ती इतरांनाही येत असेल. वर्डमध्ये कधी कधी ‘ॲड टू डिक्शनरी’ हा पर्याय दिसतो, पण फिकट होऊन निष्क्रिय राहतो. त्याचे एक सामान्य कारण असे, की त्या यादीला एक भाषा नेमून दिलेली असते आणि मजकुरावर दुसरी भाषा लागलेली असते. कस्टम डिक्शनरींच्या चौकटीत यादी निवडून तिची भाषा बदलली, किंवा ‘ऑल लँग्वेजेस’ केली, की पर्याय जिवंत होतो. लिबरऑफिसमध्ये याचा वेगळा अवतार भेटतो: देवनागरी मजकुराची भाषा हिंदी लागलेली असली, तर मराठीसाठी केलेली यादी समोर असूनही तिच्याकडे पाहिले जात नाही. नव्या संगणकावर यादी नेल्यानंतर ‘यादी चालत नाही’ अशी तक्रार करण्यापूर्वी ही भाषा तपासावी.

पैलतीर

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे काम तीन देशांतली माणसे करतात आणि प्रत्येकाची शब्दयादी एकत्र करण्याचे काम माझ्याकडे असते. फाइली जोडणे अगदी सोपे आहे. डोळ्यांना सारखे दिसणारे, पण संगणकाला वेगळे असणारे शब्द हीच खरी डोकेदुखी ठरते.

‘ॲ’ घ्या. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडून ‘अॅ’ लिहीत आणि आजही अनेक कळफलकांवरून तसेच उमटते. युनिकोडच्या नियमांनुसार ही दोन रूपे समान मानली जात नाहीत, त्यामुळे मजकूर ‘नॉर्मलाइझ’ करूनही ती एक होत नाहीत. एकाच्या यादीत एका रूपातले ‘ॲल्युमिनियम’ आणि दुसऱ्याच्या लेखात दुसऱ्या रूपातले, की लाल रेघ आलीच. दुसरे उदाहरण ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘ऱ्हास’ यांतल्या अर्ध्या रफाराचे. तो काही ठिकाणी ‘ऱ’ या अक्षरापासून बनतो, तर काही ठिकाणी साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून, कागदावर दोन्ही एकच.

यावर आमची रीत अशी: सगळ्या याद्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत आणायच्या, शोधा-आणि-बदला वापरून ‘अॅ’चे ‘ॲ’ आणि जोडचिन्हाच्या रफाराचे ‘ऱ’चे रूप करायचे आणि मगच दुहेरी शब्द गाळायचे. हा क्रम उलटा केला तर दुहेरी शब्द तसेच राहतात. युनिकोडच्या क्रमाने यादी लावली तर ‘ॲ’ने सुरू होणारे शब्द ‘ह’च्याही खूप नंतर, थेट शेवटी जाऊन बसतात, आणि ‘अॅ’चे शब्द सुरुवातीला ‘अ’मध्ये राहतात, तेवढ्यावरून कोणते बदलायचे राहिले हे चटकन दिसते.

टिंबटिंब

म्हणजे ज्या ‘ॲड’ बटनाने शब्द घालायचा, त्या बटनाचेच नाव दोन प्रकारे लिहिता येते.

उंबरठा

माझ्याकडे प्रश्न वेगळाच आहे. आमच्या छापखान्यातील जुन्या फाइली श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टातल्या आहेत आणि त्या काळात वर्डमध्ये जमलेली यादी उघडली, तर त्यात रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. ती यादी जपण्यात काही अर्थ आहे का?

लिनक्सवेडा

जशीच्या तशी जपण्यात अर्थ नाही. त्या फॉन्टांत मराठी अक्षर हे केवळ चित्र असते आणि संगणकाच्या दृष्टीने साठवलेले असते ते रोमन अक्षर किंवा चिन्ह. मात्र ज्या परिवर्तकाने जुना मजकूर युनिकोडमध्ये आणता, त्यातूनच ही यादीही काढून पाहावी. विशेषनामांची यादी असेल तर ती हाती लागणे मोलाचे आहे. मूळ फॉन्टाचे नाव यादीसोबत लिहून ठेवावे, कारण दर फॉन्टाचा संकेत निराळा असतो.

मुद्रितशोधिका

तुम्हा सर्वांच्या सूचनांनुसार दोन्ही फोल्डरे पेन ड्राइव्हवर आणि क्लाउडवर घेतली आहेत. यादी वाचायलाही घेतली आहे. जुनाखिळा काका, ‘कोट्यावधी’ सापडला नाही, हे मुद्दाम नोंदवते.

आता माझा तिसरा प्रश्न उरला आहे. लिबरऑफिसची ‘स्टँडर्ड डॉट डिक’ मी वर्डच्या कस्टम डिक्शनरींत ‘ॲड’ करून पाहिली. दोन्ही फाइलींचे आडनाव ‘डिक’च आहे, तरी वर्डला त्यातला एकही मराठी शब्द ओळखता येत नाही. असे का?

लिनक्सवेडा

आडनाव एक असले तरी घराणी वेगळी आहेत. ‘डिक’ हे आडनाव लावणाऱ्या निदान तीन प्रकारच्या फाइली प्रचारात आहेत आणि गोंधळ तिथेच होतो.

वर्डच्या फाइलीत शब्दांशिवाय काहीच नसते, ओळीला एक शब्द, पण ती ‘यूटीएफ-१६ एलई’ या संकेतात साठवलेली असावी लागते आणि तिच्या आरंभी तो संकेत सांगणारी न दिसणारी खूण असते. लिबरऑफिसची फाइल ‘यूटीएफ-८’मध्ये असते आणि तिच्या पहिल्या चार ओळी शब्दांच्या नसतात: पहिलीत स्वरूपाचे नाव, दुसरीत भाषा, तिसरीत ती स्वीकार्य शब्दांची आहे की वर्ज्य शब्दांची, आणि चौथीत तीन आडव्या रेघा. तिसरा प्रकार हनस्पेलच्या मुख्य कोशाचा. लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी घडवलेला हा शुद्धलेखन-तपासनीस लिबरऑफिस आणि फायरफॉक्स दोन्ही वापरतात. त्याच्या ‘डिक’ फाइलीत वर शब्दांची संख्या असते, शब्दांपुढे प्रत्ययांच्या खुणा असू शकतात आणि सोबत नियमांची ‘ॲफ’ फाइल असते. ती फाइल आपल्या यादीत मिसळू नये.

तेव्हा लिबरऑफिसकडून वर्डकडे जाताना असे करावे. ‘स्टँडर्ड डॉट डिक’ची प्रत नोटपॅडमध्ये उघडावी, वरच्या चार ओळी काढाव्यात आणि ‘सेव्ह ॲज’ करताना खाली ‘एन्कोडिंग’मध्ये ‘यूटीएफ-१६ एलई’ निवडावे. जुन्या नोटपॅडमध्ये यालाच नुसते ‘युनिकोड’ म्हटलेले असते. तिथे ‘एएनएसआय’ राहू दिले तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते आणि ती परत फिरवता येत नाही, म्हणून मूळ फाइलीवर हा प्रयोग कधीही करू नये. वर्डकडून लिबरऑफिसकडे येताना हेच उलट.

अर्धविराम

यात एक भर. लिबरऑफिसच्या ६.० आवृत्तीपासून शब्द घालताना एक नमुनाशब्द देता येतो. म्हणजे नवा शब्द त्या ओळखीच्या शब्दासारखा चालवावा, असे सांगता येते. त्यासाठी यादी ‘सर्व भाषा’ अशी न ठेवता विशिष्ट भाषेची असावी लागते, आणि मुख्य कोशात त्या नमुनाशब्दाला प्रत्ययांचे नियम जोडलेले असतील तरच नव्या शब्दाची रूपे ओळखली जातात. जिथे हे जमते तिथे आटपाडीची रूपे एकेक घालण्याचा त्रास वाचतो. मात्र अशा नोंदीत शब्दापुढे दोन बरोबरचिन्हे आणि नमुनाशब्द असतो; वर्डसाठी यादी करताना तो भाग गाळायला हवा आणि रूपेही हाताने घालायला हवीत.

मुद्रितशोधिका

‘यूटीएफ-१६ एलई’ केल्यावर वर्डने सगळे शब्द ओळखले. फार आभार. दोन यादींऐवजी एकच मूळ यादी ठेवायची तर ती कोणत्या स्वरूपात ठेवावी?

पैलतीर

‘यूटीएफ-८’मधील साधी मजकूर फाइल, बिनामथळ्याची, ओळीला एक शब्द. ती डॉक्युमेंट्समध्ये ठेवावी आणि वर्ड व लिबरऑफिसच्या फाइली गरजेप्रमाणे तिच्यापासून बनवाव्यात. आम्ही ती गिट या, फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्येही ठेवतो, त्यामुळे कोणी कधी कोणता शब्द घातला हे दिसते. वर्डची फाइल थेट गिटमध्ये ठेवली तर तिच्या संकेतामुळे गिट तिला मजकूर मानत नाही आणि फरक दाखवत नाही. हा खटाटोप नको असेल, तर वर्डची यादी तरी ‘ॲपडेटा’बाहेर, डॉक्युमेंट्समध्ये हलवून तिथूनच जोडावी आणि तिलाच डीफॉल्ट करावे. मग क्लाउड तिला आपोआप उचलतो. फक्त दोन संगणकांवर एकाच वेळी शब्द घालू नयेत, नाहीतर एकाच नावाच्या दोन प्रती तयार होतात.

सातबारा

जाता जाता आणखी एक. ‘ऑटोकरेक्ट’मध्ये घातलेले संक्षेप या यादीत नसतात. ‘मामस’ लिहिले की ‘महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६’ उमटावे, अशा नोंदी वर्डमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’मधील ‘ऑफिस’ फोल्डरात ‘एसीएल’ आडनावाच्या फाइलीत जातात. फाइलीच्या नावात भाषेचा क्रमांक असतो, मराठीचा ११०२. लिबरऑफिसमध्ये त्या ‘यूजर’खालील ‘ऑटोकॉर’ फोल्डरात मिळतात. बाईंनी फक्त ‘यूप्रूफ’ आणि ‘वर्डबुक’ उचलले असेल, तर जुना संगणक विकण्यापूर्वी ही दोन फोल्डरेही घ्यावीत.

काणकोणकर

आणि लिबरऑफिस बिघडले म्हणून सेफ मोडमध्ये जाऊन पूर्ण यूजर प्रोफाइल पूर्ववत करण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याआधी तिथेच असलेला प्रोफाइलची झिप फाइल करण्याचा पर्याय वापरावा. पूर्ववत करताना शब्दयादीही जाते.

मुद्रितशोधिका

ऑटोकरेक्टच्या फाइली राहिल्याच होत्या, त्या आज घेते. फायरफॉक्समध्येही मी ईमेल लिहिताना शब्द घालते. ते या दोहोंपैकी कुठेच दिसले नाहीत.

लिनक्सवेडा

ते फायरफॉक्सच्या प्रोफाइलमध्ये ‘पर्सडिक्ट डॉट डॅट’ या फाइलीत आहेत. साधी मजकूर फाइल आहे, ओळीला एक शब्द. फायरफॉक्स बंद करून तिच्यातले शब्द मूळ यादीत चिकटवावेत. क्रोम वापरत असाल तर त्याच्या फाइलीत शेवटची ओळ पडताळणीच्या बेरजेची असते, ती घेऊ नये.